टॅबवर नकाशा उघडतो पण निळा ठिपका हलत नाही

काका: कोणीतरी सांगा रे, गाडीत टॅब लावला, फोनचा हॉटस्पॉट दिला, नकाशा छान उघडतो पण तो निळा ठिपका एकाच जागी बसून राहतो आणि मग एकदम उडी मारून भलतीकडेच जातो. फोनवर सगळं बरोबर चालतं. पण मला बारीक दिसत नाही, मोठा स्क्रीनच हवाय

ताई: काका टॅबला सिमची जागा आहे का नुसता वायफायवाला?

काका: नुसता वायफाय

ताई: मग त्यात जीपीएसची चिपच नसणार बहुतेक. वायफायवाल्या आयपॅडमध्ये नसतेच, अँड्रॉइड टॅबमध्ये काहींना असते काहींना नसते. तो आजूबाजूचे वायफाय बघून जागेचा अंदाज लावतो, म्हणून घरात बरोबर दाखवतो आणि रस्त्यावर हरवतो. हॉटस्पॉटमधून टॅबला नेट मिळतं, आपण कुठे आहोत ते नाही कळत

मावशी: म्हणजे जीपीएसला नेट लागत नाही??

दादा: नाही मावशी, निदान ४ उपग्रहांचे सिग्नल मिळाले की जागा कळते. नेट लागतं ते नकाशाचं चित्र आणि ट्रॅफिकसाठी, आणि नेट असलं तर सुरुवातीला जागा लवकर सापडते एवढंच

काका: मग आता? नवीन टॅब घ्यायचा?

ताई: अजिबात नको! फोन अँड्रॉइड आहे ना, मग फोनचं जीपीएस ब्लूटूथने टॅबला पाठवणारी ॲप असतात, एक फोनवर टाकायचं एक टॅबवर. टॅबच्या सेटिंगमध्ये अबाउटमध्ये जाऊन बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप करा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील, त्यात मॉक लोकेशन ॲप (म्हणजे टॅबला बाहेरून जागा सांगणारं ॲप) म्हणून टॅबवरचं ते ॲप निवडायचं. आणि हे विसरू नका, फोनवरच्या ॲपला लोकेशनची परवानगी 'नेहमी' अशी द्या आणि बॅटरी सेव्हरमधून वगळा, नाहीतर फोनचा स्क्रीन बंद झाला की ॲप झोपतं आणि ठिपका परत थांबतो, माझे दोन तास ह्यातच गेले होते

दादा: आयफोन आणि आयपॅड असेल तर ही खटपट नाही, हॉटस्पॉट जोडला की जागाही तिकडूनच घेतो

ताई: आणि निघायच्या आधी घरच्या वायफायवर त्या भागाचा नकाशा ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा, रेंज गेली तरी रस्ता दिसतो. फक्त ट्रॅफिक नाही दिसणार. फोन चार्जरला लावूनच ठेवा, जीपीएस आणि हॉटस्पॉट एकत्र चालू असलं की बॅटरी भराभर उतरते

काका: झालं गं!! आत्ताच चक्कर मारून आलो, ठिपका गाडीबरोबर चालतोय. वळणावर किंचित मागे राहतो पण चालेल. अक्षरं इतकी स्पष्ट दिसतायत की बरं वाटलं

मावशी: गाडी चालवताना हात लावू नका हं त्याला

काका: नाही लावत, रस्ता लावून द्यायचं काम काकूकडे दिलंय

ताई: परत आलात की मॉक लोकेशन 'काही नाही' वर करा आणि डेव्हलपर ऑप्शन्सही बंद करा, काही बँकेची ॲप ते चालू असलं की उघडत नाहीत