म्योडलारॉइट (जर्मनी): पन्नासेक वस्तीच्या गावात भिंत कशाला? आणि तिथे नेमकं काय पाहायचं?

प्रश्न – पेग्निट्झकाठी
ऑक्टोबरअखेर आई-बाबा न्युर्नबर्गला येताहेत. होफजवळच्या म्योडलारॉइटला न्यायचा विचार आहे. बर्लिनसारखी भिंत तिथे होती एवढंच ठाऊक आहे. एवढंसं गाव मुळात दुभंगलं कसं? अर्धा दिवस पुरेल का? गाडीशिवाय जमेल?

सीमादगड
गाव 1949 ला दुभंगलं असं सगळीकडे सांगतात, ते अर्धंच खरं. गावातून टानबाख नावाचा ओढा जातो. 1810 मध्ये या ओढ्यालगत दगड रोवले गेले: एका बाजूला बव्हेरियाचं राज्य, दुसऱ्या बाजूला रॉइसचं छोटं संस्थान. पुढे 1920 मध्ये रॉइसचा मुलूख थुरिंगिया या जर्मन राज्यात गेला. या रेषेचा रोजच्या जगण्याला काही जाच नव्हता. शाळा आणि खाणावळ थुरिंगियाच्या बाजूला, चर्चसाठी मात्र सगळे बव्हेरियातल्या ट्योपनला जात.

1945 नंतर थुरिंगिया सोव्हिएत ताब्यात गेला आणि बव्हेरिया अमेरिकन. 1949 मध्ये दोन जर्मन देश झाले, थुरिंगिया पूर्व जर्मनीत आणि बव्हेरिया पश्चिम जर्मनीत, तेव्हा जुनी जिल्हासीमा म्हणावी अशी रेष आंतरराष्ट्रीय सरहद्द होऊन बसली. खरा घाव 1952 चा. पूर्व जर्मनीने सीमेला लागून 10 मीटरचा नांगरलेला पट्टा, 500 मीटरचा संरक्षित पट्टा आणि 5 किमीचं प्रतिबंधित क्षेत्र आखलं. ‘भरवशाची नाहीत’ असा शिक्का बसलेली कुटुंबं तिथून सक्तीने हलवली. गावात आधी लाकडी कुंपण आलं, 1966 मध्ये काँक्रीटची भिंत: सुमारे 700 मीटर लांब, 3.3 मीटर उंच. अमेरिकन सैनिक गावाला ‘लिटल बर्लिन’ म्हणायचे ते यामुळेच.

पेग्निट्झकाठी
पण बाकी सरहद्दीवर तर जाळीचं कुंपणच होतं ना? मग इथेच भिंत का?

सीमादगड
घरं अगदी सीमेला टेकलेली होती म्हणून. जाळीतून पलीकडचं दिसतं, हातवारे करता येतात. पूर्वेकडच्यांना पश्चिमेकडे हात हलवायलाही बंदी होती. 1973 पासून पश्चिमेकडच्या सीमावासीयांना पूर्वेत भेटीगाठींची सोय झाली, तरी पूर्वेचा हा भाग प्रतिबंधित क्षेत्रात असल्याने ओढ्यापलीकडच्या घरी जाणं अशक्यच राहिलं.

नकाशावाला
आता पाहण्याचं. बरेच लोक भिंतीसमोर फोटो काढून वीस मिनिटांत परततात, मग ‘काही खास नाही’ म्हणतात. आधी ओढा आणि सीमादगड शोधा, कारण सरहद्द तिथे होती. भिंत तिच्या मागे, पूर्व जर्मनीच्या हद्दीत होती. म्हणजे ओढा आणि भिंत यांमधल्या गवतावर पश्चिमेकडून पाऊल टाकलं तरी तुम्ही परदेशात! हे डोक्यात बसलं की बाकीची मांडणी आपोआप उलगडते.

17 जून 1990 ला भिंत पाडली, साधारण 100 मीटर जपून ठेवली. तिच्याजवळ टेहळणी मनोरा आहे. गावातल्या सीमा-संग्रहालयाच्या उघड्या भागात जाळीचं कुंपण, गाड्या अडवणारा खंदक आणि भोकं असलेल्या काँक्रीट फरश्यांची गस्तीची वाटही पाहा. त्या फरश्यांवर पाय मुरगळतो, आई-बाबांना जाड तळव्याचे बूट हवेत. आतल्या प्रदर्शनासकट अडीच-तीन तास धरा.

गाडीशिवाय जमतं, पण जपून. न्युर्नबर्ग ते होफ प्रादेशिक रेल्वेने जा, जर्मनी-तिकीट (प्रादेशिक गाड्यांचा मासिक पास) चालतं. पुढचे सुमारे 15 किमी हीच अडचण: खेड्यांतल्या बस विरळ, शनिवार-रविवारी तर फारच. तिघं असाल तर होफहून टॅक्सी करा आणि परतीची वेळ उतरतानाच ठरवा. संग्रहालय सोमवारी उघडं असेल असं गृहीत धरू नका, निघण्यापूर्वी वेळा तपासा. नॅव्हिगेशनमध्ये एकाच गावाच्या दोन नोंदी दिसतील, पिनकोड 95183 आणि 07926. गोंधळू नका: पहिली बव्हेरियाची, दुसरी थुरिंगियाची. दोन्हींत अंतर ओढ्याएवढंच.

होफच्या परिसराला जर्मन लोक थट्टेने ‘बव्हेरियाचा सायबेरिया’ म्हणतात, तेव्हा वारा अडवणारं जाकीट घ्या. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात, मग पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. सकाळीच निघा.

सीमादगड
एक भर. दोन राज्यांची रेष आजही तिथेच आहे, म्हणून गावाला दोन महापौर, दोन टेलिफोन कोड. सुट्ट्याही वेगळ्या. 31 ऑक्टोबरला थुरिंगियात सुट्टी, बव्हेरियात नाही. 1 नोव्हेंबरला नेमकं उलट. 1 तारखेला जाणार असाल तर होफची दुकानं बंद असतील, न्युर्नबर्गचीही, खाण्याचं घरूनच बांधून घ्या.