मदत हवी आहे: डॉक्टरांनी न तपासलेले पेशंट थेट मसाजला पाठवतात, काय करू?

नमस्कार. मी नाशिकला एका आयुर्वेद क्लिनिकमध्ये पंचकर्म थेरपिस्ट आहे. बायकांचं अभ्यंग (तेलाचा मसाज), स्वेदन (वाफेचा शेक), कटिबस्ती (कमरेवर कोमट तेल धरून ठेवणं), शिरोधारा (कपाळावर तेलाची धार) माझ्याकडे असतं. पूर्वी वैद्य मॅडम तपासून केसपेपरवर तेल कोणतं, कुठे, किती वेळ हे लिहून द्यायच्या, मगच पेशंट आत यायचा. दिवाळीत क्लिनिकने पॅकेजं काढली. आता रिसेप्शनला पैसे भरले की पेशंट थेट टेबलावर. मॅडम येतात दुपारनंतर, आणि सकाळच्या वेळा सगळ्या भरलेल्या.

परवा एक काकू आल्या, "पाय फार भरून आलाय, जरा जोर लावून चोळ." तेल लावण्याआधी दोन्ही पाय शेजारी ठेवून बघायची माझी सवय आहे. डावी पोटरी उजवीपेक्षा चांगलीच जाड दिसत होती, हाताला गरम लागली, नुसतं टेकवलं तरी त्या कळवळल्या. विचारल्यावर कळलं, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बरेच दिवस पडून होत्या. मी तेलाची वाटी खाली ठेवली आणि मॅडमना फोन लावला. त्यांनी लगेच डॉप्लरला (शिरांच्या सोनोग्राफीला) पाठवलं, शिरेत गुठळी निघाली. चोळलं असतं तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकली असती.

पॅकेजचे पैसे परत करावे लागले म्हणून मॅनेजर मात्र मलाच बोलले, "तू थेरपिस्ट आहेस, डॉक्टर नाहीस." अहो, नाहीच आहे मी डॉक्टर, म्हणूनच तर तपासून पाठवा म्हणते! अंगात ताप असताना किंवा अजीर्ण असताना अभ्यंग करायचं नाही, हे आम्हाला पहिल्या धड्यात शिकवतात. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असल्या, तर जोराने दाबलं की काळंनिळं होतं. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्यांना तर गरम पोटलीचा (औषधाच्या पुरचुंडीने शेकतो तिचा) चटका बसलेला कळतही नाही. हे रिसेप्शनवर कोण विचारणार?

काम सोडायचं नाहीये, मला ते मनापासून आवडतं. फक्त असा पेशंट आला तर नाही कसं म्हणू? आणि तुमच्याकडे लेखी नियम असतो का?

प्रतिसाद (वैद्य, सांगली): ताई, तुम्ही अगदी बरोबर केलंत. आमच्याकडे वैद्यांच्या सहीशिवाय तेल गरमच करत नाहीत. मॅनेजरशी वाद घालू नका, मॅडमशी बोला. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच तसा निकाल दिलाय. उद्या काही झालं तर उत्तर मॅडमनाच द्यावं लागेल. नव्या पेशंटची पहिली वेळ दुपारचीच द्यायची, एवढं ठरवून घ्या.

प्रतिसाद (फिजिओथेरपिस्ट, ठाणे): रिसेप्शनसाठी मराठीत एक छोटा फॉर्म करा: ताप, अलीकडचं ऑपरेशन, एकाच पायाला सूज, गरोदरपण, चालू गोळ्या, साखर. एकालाही 'हो' आलं तर आधी डॉक्टर. आणि थांबवलेल्या प्रत्येक पेशंटची नोंद केसपेपरवर वेळेसकट स्वतः करा.

धागाकर्ती: दोघांचेही आभार. फॉर्म आज रात्रीच लिहून काढते. गरोदरपणाच्या प्रश्नात पाळी चुकली आहे का, हेही घालू ना? नव्या लग्नाच्या मुली बऱ्याच येतात, त्यांना स्वतःलाच अजून माहीत नसतं.