मदत हवी आहे : टिपर-ट्रेलरसाठी धुऊन वापरायचा एअर फिल्टर घ्यावा की कागदीच बदलत राहावा?

नमस्कार. कळंबोलीत आमचा वाहतुकीचा छोटा घरगुती व्यवसाय आहे. टिपर उरण-पनवेल पट्ट्यातल्या क्रशरवरून खडी आणि ग्रिट उचलतात, तर ट्रेलर न्हावाशेवा बंदर आणि भिवंडीची गोदामे यांच्यामध्ये कंटेनर वाहतात. सर्व गाड्या बीएस-६ आहेत. हिशेब मी पाहतो, देखभाल धाकटे काका पाहतात.

एका विक्रेत्याने तेल लावलेल्या सुती जाळीचा, धुऊन पुन्हा वापरता येणारा फिल्टर सुचवला आहे. किंमत कागदी फिल्टरच्या कित्येक पट असली, तरी तो वर्षानुवर्षे टिकेल, हवा मोकळी जाईल आणि ॲव्हरेज वाढेल असे त्याचे म्हणणे आहे. टिपरचे कागदी फिल्टर फार लवकर भरत असल्यामुळे काकांना हा हिशेब पटला आहे. मला मात्र पावसाळ्याची शंका आहे. असा फिल्टर धुतल्यावर आपोआप पूर्ण वाळू द्यावा लागतो. कंप्रेसरची हवा किंवा उष्णता देऊन वाळवायचा नसतो, आणि वाळल्याशिवाय तेल लावता येत नाही. जुलैत जिथे अंगावरचे कपडे वाळत नाहीत, तिथे फिल्टर वाळेपर्यंत गाडी उभी ठेवायची, की प्रत्येक गाडीमागे दुसरा संच घ्यायचा? दुसरा संच घेतला तर बचत किती उरते, यावर विक्रेता विषय बदलतो. शिवाय तेल बेताचे आणि सगळीकडे सारखे लावण्याचे काम प्रत्यक्षात करणार कोण, तर रात्री गाडी लागल्यावर घरी जायच्या घाईत असलेला क्लीनर.

सध्याची पद्धतही मला बरोबर वाटत नाही. आमचे फिटर अधूनमधून कागदी फिल्टर काढून त्याला हवा मारतात. परवा अशाच हवा मारलेल्या एका फिल्टरच्या आत बल्ब धरून पाहिला, तर घड्यांच्या तळाशी दगडाची राखाडी भुकटी तशीच गच्च बसलेली होती आणि एका घडीच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रांतून उजेड बाहेर येत होता. तो फिल्टर तिथेच बाद केला.

टिपर आणि ट्रेलर यांच्यासाठी वेगवेगळा निर्णय घ्यावा का, आणि हवा मारणे पूर्ण बंद करावे का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद (तळोजेकर) :

आपली पावसाळ्याची शंका रास्त आहे, परंतु माझ्या मते निर्णय धूळ किती अडते यावर व्हावा. विक्रेत्याकडे आयएसओ ५०११ या मानकानुसार केलेल्या चाचणीचा अहवाल मागा आणि कागदी फिल्टरचा अहवालही त्याच प्रतीच्या धुळीवरचा आहे ना, हे पाहा. ९९ टक्के आणि ९९.९ टक्के हे आकडे ऐकायला जवळचे वाटतात. पण एक किलो धुळीमागे पहिल्यातून १० ग्रॅम आत जाते आणि दुसऱ्यातून १ ग्रॅम. क्रशरची धूळ म्हणजे दगडाचाच चुरा, तो इंजिनातले लायनर (सिलिंडरचे अस्तर) आणि पिस्टनच्या रिंगा कानशीसारखा घासतो. इंजिनकाम निघाले की फिल्टरमध्ये वाचवलेले सगळे पैसे एका बिलात जातात. त्यामुळे टिपरला तरी मी सुती फिल्टर लावणार नाही. ट्रेलरला तो एक वेळ चालेल, पण जादा तेल हवेचे प्रमाण मोजणाऱ्या सेन्सरवर बसू शकते, म्हणून वॉरंटीबद्दल गाडीच्या कंपनीकडून आधी लेखी घ्या. ॲव्हरेजचे म्हणाल, तर कागदी फिल्टर तुंबलेला नसेल तोवर जाणवण्याजोगा फरक पडत नाही.

हवा मारणे मात्र आजच बंद करा. कागदावर धुळीचा पातळ थर बसला की तोच थर पुढची बारीक धूळ अडवतो, म्हणजे थोडा वापरलेला फिल्टर कोऱ्या फिल्टरपेक्षा जास्त धूळ धरतो. प्रत्येक वेळी उघडताना गॅस्केट (फिल्टरच्या कडेची रबरी सीलपट्टी) हलते आणि थोडी धूळ स्वच्छ बाजूला सांडतेच. बदलण्याची वेळ तारखेवरून नव्हे, हवेला होणारा अडथळा दाखवणाऱ्या इंडिकेटरवरून ठरवा. टर्बो डिझेल इंजिनांसाठी ही मर्यादा साधारणपणे २५ इंच पाणीस्तंभ (दाब मोजण्याचे एकक) एवढी धरतात. तरीही आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडाच प्रमाण माना. आतला लहान सेफ्टी फिल्टर कधीही धुऊ नये किंवा त्याला हवा मारू नये; बाहेरचा तीनदा बदलला की साधारणपणे तोही बदलतात.

धागाकर्ता :

मनःपूर्वक आभार. काकांना एक किलोमागचा हिशेब दाखवला. टिपरसाठी कागदीच ठेवायचे यावर ते राजी झाले आहेत. ट्रेलरचे अहवाल आल्यावर पाहू. आता एकच विचारायचे आहे : टिपरचे फिल्टर लवकर भरू नयेत म्हणून आणखी काय करता येईल?

प्रतिसाद (तळोजेकर) :

हाउसिंगच्या, म्हणजे फिल्टर बसतो त्या डब्याच्या, तळाला धूळ बाहेर टाकणारा रबरी व्हॉल्व्ह असतो, तो आधी तपासा. जाड धूळ हाउसिंगमध्ये फिरून वेगळी होते आणि तिथूनच पडते. त्याचे ओठ चिखलाने चिकटले असतील तर ती सगळी फिल्टरवर जाते; आणि व्हॉल्व्ह फाटला किंवा पडला असेल, तर चाकांजवळची धूळ तिथूनच वर ओढली जाते. ड्रायव्हरने रोज सकाळी तो बोटांनी दाबून मोकळा करावा. तेल बदलताना जुन्या तेलाचा नमुना प्रयोगशाळेत द्या. सिलिकॉन (आत गेलेल्या धुळीची खूण) आणि लोह (इंजिनाच्या झिजेची खूण) दोन्ही चढत असतील, तर फिल्टर आणि इंजिन यांच्यामधले होज आणि क्लॅम्प तपासा.