मॅ ला कॅम्पाला जुन्या साड्या नकोत

प्रेषक: निखिल (चिटणीस)
दिनांक: ७ ऑक्टोबर २०२५
विषय: दिवाळीनिमित्त निर्वासित कॅम्पाला मदत

नमस्कार मंडळी,

यंदा आपल्या बँकॉकच्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमातून थोडी रक्कम वाचवून सीमेवर राहणाऱ्या, ब्रह्मदेशातून आलेल्या कारेन जमातीच्या निर्वासितांना मदत करायची, असं गेल्या बैठकीत ठरलं आहे. प्रत्येक घरातून जुने पण चांगले कपडे, साड्या, खेळणी आणि फराळाचं एक पाकीट यावं. शनिवारी २५ तारखेला बँकॉकहून व्हॅन निघेल. मॅ सॉतला मुक्काम, रविवारी मॅ ला कॅम्पात वाटप. फोटो दिवाळी अंकात घेऊ. कोण कोण येणार ते १२ तारखेपर्यंत कळवा.

निखिल

प्रेषक: वैशाली
दिनांक: ८ ऑक्टोबर २०२५
विषय: उत्तर: दिवाळीनिमित्त निर्वासित कॅम्पाला मदत

निखिल,

हेतू चांगला आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. रागावू नकोस.

एक तर 'मॅ ला' हे नाव नेहमी तोडून लिही. जोडून लिहिलंस की मराठीत अर्थ भलताच होतो आणि दिवाळीच्या पत्रकात तो नको. दुसरं, व्हॅनभर माणसं घेऊन तिथे असं जाता येत नाही. पास लागतो, तो आधी मागावा लागतो, गेटवर तपासणी होते. थाई सरकारच्या लेखी तो निर्वासितांचा कॅम्प नाहीच, 'तात्पुरता निवारा' आहे. १९८४ पासून तात्पुरता. तिथे जन्मलेल्या मुली आता आई झाल्यात.

लिस्टवर नवी मंडळी बरीच आहेत म्हणून सांगते. मी मॅ सॉतला असताना तिथल्या संस्थांच्या लोकांना हिशेब ठेवायला शिकवायचे. मॅ सॉतहून उत्तरेला साठेक किलोमीटर, ताक प्रांतात, रस्त्याला लागूनच तारेचं कुंपण सुरू होतं. मागे चुनखडीचा सरळसोट कडा आणि त्याच्या पायाशी बांबूची घरं, एकाच्या पडवीतून दुसऱ्याच्या चुलीत डोकावता येईल इतकी चिकटून. सीमेवर असे नऊ कॅम्प आहेत, त्यातला हा सगळ्यात मोठा. कारेन लोक त्याला बे क्लॉ म्हणतात, म्हणजे कापसाचं शेत. मी यवतमाळची. पहिल्या दिवशी हे ऐकलं तेव्हा हसू आलं, कारण कापसाचं बोंडही कुठे दिसत नव्हतं.

मला वाटलं होतं, रांगा असतील, हात पसरलेले असतील. रांगा होत्या, पण त्या लावणारे, तांदूळ मोजणारे, वहीत लिहिणारे आणि भांडण झालं तर सोडवणारे सगळे कॅम्पातलेच. कॅम्प विभागांमध्ये वाटलेला असतो, प्रत्येक विभागाला प्रमुख, वर निवडून दिलेली समिती. शाळेत शिकवणारे, बाळंतपण करणाऱ्या सुइणी, गोदाम सांभाळणारे हेसुद्धा निर्वासितच. बाहेरच्या संस्था पैसा आणि माल आणायच्या, पण गाव ते चालवायचे. कारेन महिला संघटना तर बालवाड्या चालवते, मुलांना दुपारचं जेवण देते, घरात मार खाणाऱ्या बाईला निवारा देते, अपंग मुलांसाठी वेगळी शाळा घेते. आपल्याला हळदीकुंकवाला हॉल मिळवायचा तर तीन बैठका लागतात.

गोदामातला एक दिवस सांगते. पूर्वी मोठ्या माणसाला महिन्याला पंधरा-सोळा किलो तांदूळ मिळायचा, पुढे तो कमी कमी होत गेला. त्याबरोबर पिवळी डाळ, मीठ, तेल, कोळसा आणि माशांची पेस्ट. ही पेस्ट म्हणजे आपल्या सुकटीची थोरली बहीण, डबा उघडला की शेजारच्या विभागाला कळतं. हिशेबनीस होती एक विशीतली मुलगी. वजनकाटा होता, पण बायकांचा विश्वास मापावर. आपल्याकडे पायली-चिपटं तसं तिकडे कंडेन्स्ड दुधाचा रिकामा डबा, असे आठ डबे म्हणजे एक प्यी. ती मुलगी किलोचा आकडा वहीत लिहायची आणि तोंडाने डब्यांत सांगायची. मी तिला दुहेरी नोंद शिकवायला गेले होते. तिनं मला जुनी वही दाखवली. दर पोत्यामागे सांडलंवंडलं किती, उंदरानं खाल्लं किती, याचा वेगळा रकाना होता. मी आपली गप्प बसले.

आता साड्यांचं. २०१७ साली मीही गाठोडं नेलं होतं. त्यात तीन नायलॉनच्या साड्या, दोन स्वेटर आणि एक चमचम करणारा घागरा. त्यांनी हसून घेतलं, 'ता ब्लुत' म्हणाले, म्हणजे धन्यवाद. सहा महिन्यांनी पाहिलं तर माझी मोरपिशी साडी एका घरामागे भोपळ्याच्या वेलाला मांडव म्हणून ताणलेली. वेल मस्त धरला होता. मला वाईट वाटलं नाही, लाज वाटली. त्या बायका स्वतः विणतात. पट्टा कमरेला बांधून, जमिनीवर बसून. कॅम्पातल्या बायकांनी लुंग्या विणायच्या आणि त्या कॅम्पातच वाटायच्या, असा महिला संघटनेचा प्रकल्प कितीतरी वर्षं चालला होता. आणि मी त्यांना घागरा घेऊन गेले.

यंदा तिथे जे झालंय ते मात्र साधं नाही. जानेवारीत अमेरिकेनं निधी थांबवला आणि त्या पैशावर चालणारे कॅम्पातले दवाखाने एकाएकी बंद झाले. ऑक्सिजनवरच्या माणसांनाही घरी पाठवलं. तेव्हा कॅम्पातल्याच आरोग्यसेवकांनी जमेल तसं धरून ठेवलं, गंभीर रुग्ण थाई सरकारी रुग्णालयांनी घेतले. मग ३१ जुलैनंतर धान्य आणि सरपणाची मदत ऐंशी टक्क्यांहून जास्त लोकांसाठी थांबली. फक्त अगदी निराधारांना चालू राहिली. ती 'बॉर्डर कन्सॉर्शियम' ही संस्था द्यायची, १९८४ पासून. अलीकडे पोती जाऊन कार्ड आलं होतं. कार्डावर पैसे जमा, आणि ते कॅम्पातल्याच दुकानदाराकडे खर्चायचे. ते कार्ड आता बहुतेक घरांत रिकामं आहे.

२६ ऑगस्टला थाई मंत्रिमंडळानं कॅम्पातल्या लोकांना बाहेर कायदेशीर काम करायची परवानगी दिली. चाळीस हजारांवर माणसं त्यात बसतात. चाळीस वर्षं जे मागत होते ते असं मिळालं, तेही कंबोडियाचे मजूर परत गेल्यामुळे इथे माणसं कमी पडली तेव्हा. पण परवान्याला कागद लागतात, फी लागते, तपासणी लागते. आणि घरातला कर्ता पुरुष चंतबुरीच्या बागेत कामाला गेला तर मागे म्हातारी आणि पोरं. त्यांच्या जेवणाचं काय, हा प्रश्न आज विभागप्रमुखांच्या बैठकीत आहे.

म्हणून माझं म्हणणं इतकंच: आपण काय द्यायचं ते आपण ठरवू नये. काल मी बालवाडीतल्या एका जुन्या ओळखीच्या बाईंना फोन केला. थरामू म्हणतात तिकडे, म्हणजे बाई, शिक्षिका. त्यांना विचारलं, काय पाठवू? त्या थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, अंडी.

वैशाली

प्रेषक: दिगंबरकाका
दिनांक: ८ ऑक्टोबर २०२५
विषय: उत्तर: उत्तर: दिवाळीनिमित्त निर्वासित कॅम्पाला मदत

मंडळी,

वैशालीचं पत्र वाचलं. चांगलं लिहिलंय, पण लांब.

तिकडे धाराशिव, बीड, सोलापूर पाण्यात गेलंय. जनावरं वाहून गेली, सोयाबीन कुजलं. आधी घरचं पाहावं. ब्रह्मदेशाचं म्हणाल तर थिबा राजाला आपण रत्नागिरीत तीस वर्षं ठेवून घेतला. त्याच्या बदल्यात टिळकांना मंडालेला सहा वर्षं तुरुंगात ठेवलं. हिशेब फिटला!

दुसरं म्हणजे पैशाचा हिशेब कोण देणार? अंडी दिली की नाही, कोणी खाल्ली, पावती कुठे? १९९८ सालापासून मंडळाचा खजिनदार म्हणून मी एकेक बाटचा हिशेब दिला आहे.

दिगंबर

प्रेषक: वैशाली
दिनांक: ८ ऑक्टोबर २०२५
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: दिवाळीनिमित्त निर्वासित कॅम्पाला मदत

काका,

थिबाचं नाव तिकडे चुकून काढू नका. इंग्रजांनी त्याला उचललं तेव्हा कारेन इंग्रजांच्या बाजूनं होते. दुसऱ्या महायुद्धातही होते. इंग्रज गेले, आणि १९४९ च्या जानेवारीत कारेन नॅशनल युनियनची ब्रह्मदेशाच्या सरकारशी लढाई सुरू झाली, ती अजून संपलेली नाही. १९९५ ला त्यांचं मुख्यालय मानर्प्लॉ पडलं, तेव्हा माणसांचे लोंढे नदी ओलांडून इकडे आले. टिळकांचा हिशेब यांच्याकडून वसूल होणार नाही.

मराठवाड्याबद्दल तुमचं पटलं. माझी मावशी परंड्याला आहे, तिच्या घरात कमरेइतकं पाणी होतं. फराळाची पाकिटं, कपडे, सगळं तिकडे वळवू. पण कपडे तिकडे तरी विचारून पाठवा, हात जोडते.

हिशेबाचं. काका, तुमच्या वह्या मी पाहिल्या आहेत आणि गोदामातल्या त्या पोरीचीही पाहिली आहे. तुमच्या वहीत उंदरांचा रकाना नाही.

वैशाली

प्रेषक: मुग्धा (सेंट पॉल)
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२५
विषय: उत्तर: दिवाळीनिमित्त निर्वासित कॅम्पाला मदत

सगळ्यांना नमस्कार,

बँकॉक सोडून सात वर्षं झाली तरी लिस्टवरून नाव काढलेलं नाही, त्याचा आज उपयोग झाला.

आमच्या अमेरिकेतल्या सेंट पॉलमध्ये कारेन लोक हजारोंनी आहेत. २००५ नंतर कॅम्पांतून लाखाच्या आसपास माणसं बाहेरच्या देशांत गेली, बहुतेक अमेरिकेत, आणि त्यातली कितीतरी इथल्या बर्फात येऊन पडली. माझी शेजारीण मॅ लामधली, तिकडे शाळेत शिकवायची. ती म्हणते, आम्ही निघालो तेव्हा कॅम्पाचं नुकसान झालं, कारण आधी गेले ते शिकलेले. शिक्षक, आरोग्यसेवक, हिशेब येणारे. मागे राहिलेल्यांनी पुन्हा नवी पोरं तयार केली, तीही गेली, पुन्हा तयार केली. वैशालीताई, तुमची वहीवाली मुलगीसुद्धा इकडेच कुठे असेल!

तिच्याकडे मी पहिल्यांदा जेवायला गेले तेव्हा तिनं एक आंबट पालेभाजी वाढली. घास घेतला आणि माझं नांदेडच झालं. अंबाडी! दर उन्हाळ्यात ती परसात लावते आणि मला दोन जुड्या आणून देते. मी तिला ज्वारीच्या कण्या घालून करून दाखवली. तिनं त्यात बांबूचे कोंब घालून पाहिले. आपल्याकडे पालघरला वास्ते म्हणतात ते. चांगली झाली, खोटं कशाला बोलू.

ऑगस्टमध्ये त्यांचा मनगटाला दोरा बांधायचा सण असतो, आपल्या राखीच्या आगेमागेच. पांढरा दोरा, केळी, ऊस, चिकट भाताचे त्रिकोणी मुटके. म्हातारी माणसं तरुणांच्या मनगटाला दोरा बांधतात आणि भटकलेल्या जिवाला 'परत ये' म्हणून हाक मारतात. यंदा हॉलमध्ये दोरा बांधून झाला आणि लगेच तिथेच एका टेबलावर पैसे गोळा करायला सुरुवात झाली. जुलैअखेरीस धान्य थांबलं होतं ना. कोणी भाषण केलं नाही. एका बाजूला गावांची नावं, दुसऱ्या बाजूला रकमा. माझ्या शेजारणीनं बहिणीच्या विभागात किती घरं आहेत ते विचारून घेतलं होतं. पैसे नुसते बहिणीला नाही, आख्ख्या विभागाला गेले. मी विचारलं, बहिणीला वेगळे का नाही पाठवलेस? तर म्हणाली, मग ती शेजाऱ्यांसमोर चूल कशी पेटवेल?

आमच्या घरून शंभर डॉलर धरा.

मुग्धा

प्रेषक: निखिल (चिटणीस)
दिनांक: १० ऑक्टोबर २०२५
विषय: बदल: दिवाळीनिमित्त मदत

मंडळी,

व्हॅन रद्द. फोटोही रद्द. काल रात्री समितीचं बोलणं झालं ते असं: जमलेल्या पैशांपैकी निम्मे मराठवाड्याला, दिगंबरकाका गावातल्या ओळखीच्या शाळेमार्फत पाठवतील. निम्मे बालवाडीला. फराळाच्या १२० पाकिटांची ऑर्डर देऊन झाली आहे, ती परत घेत नाहीत. त्यामुळे कार्यक्रमाला येताना भूक ठेवून या.

वैशालीताई, अंडी इकडून घेऊन पाठवायची का? होलसेलमध्ये स्वस्त पडतील.

निखिल

प्रेषक: वैशाली
दिनांक: १० ऑक्टोबर २०२५
विषय: उत्तर: बदल: दिवाळीनिमित्त मदत

नको रे बाबा. पाचशे किलोमीटर अंडी? कॅम्पातल्या दुकानातूनच घ्यायची. कार्डावरचे पैसे थांबल्यापासून त्या दुकानदारांचंही उधारीवर चाललंय, त्यातला एक तर थरामूंचा दीर आहे. दोन दुकानांतून आलटून पालटून घेऊ असं त्या म्हणाल्या, म्हणजे दिराचं नाव नको. मी म्हटलं ना, गाव ते चालवतात.

तीस अंड्यांचा ट्रे. आठवड्यातून दोन दिवस मुलांच्या भातावर अर्धं-अर्धं अंडं. पूर्ण का नाही, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, पैसे मार्चपर्यंत पुरवायचे आहेत, एप्रिलमध्ये शाळेला सुट्टी.

काका, दर महिन्याला पावतीचा फोटो लिस्टवर येईल. ती कारेनमध्ये असेल आणि आकडेही त्यांच्याच लिपीतले. एकपासून नऊपर्यंत कसे लिहितात ते मी तुम्हाला वेगळं पाठवते, छापून टेबलाच्या काचेखाली ठेवा. शून्य शिकवायला नको, ते आपल्यासारखंच गोल.

वैशाली