फ्लॅप सर्जरीनंतर गूळ चाखला की कळ कानशिलात जाते, काय करावं?

गुळाचा_दिवाणजी
नमस्कार मंडळी. मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी आहे. हिरड्यांतून पू यायचा म्हणून दिवाळीआधी खालच्या डाव्या दाढांची फ्लॅप सर्जरी, म्हणजे हिरडी उघडून आतली मुळं साफ करायची शस्त्रक्रिया, करून घेतली. टाके निघाले, सूज गेली, रक्त थांबलं. पण हिरडी खाली बसली, दाढा लांबुळक्या दिसतात आणि मुळं उघडी पडलीत. गार पाण्याची चूळ भरवत नाही. त्याहून अवघड म्हणजे गूळ. सौद्याला रवा, म्हणजे गुळाची ढेप, आला की कोपरा खरवडून जिभेवर ठेवायचा, खारट आहे का बघायचं, हे आमचं रोजचं काम. चुरा डावीकडे सरकला की डोळ्यांत पाणी. व्यापारी म्हणतात, "दिवाणजी, भाव ऐकून रडताय काय?"

घरी लवंग तेल लावा म्हणतात, शेजारी म्हणतात रूट कॅनाल करून मोकळे व्हा. कुणाचं ऐकू?

हिरडीवाली_डॉक्टर
काका, सध्या दोघांचंही नको. दाताच्या वरच्या भागाला इनॅमलचं कवच असतं, मुळाला ते नसतं. मुळात सूक्ष्म नळ्या असतात, त्यांत द्रव असतो. गार लागलं की तो हलतो आणि आतल्या नसेला कळ येते. गोड तर तो द्रव बाहेर ओढतं, म्हणून गूळ झोंबतो. आधी हीच मुळं सुजलेल्या हिरडीखाली आणि किटणाखाली झाकलेली होती.

ट्यूबवर स्टॅनस फ्लोराइड किंवा ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट लिहिलेली पेस्ट घ्या. दोन वेळा ब्रश. रात्री थोडी पेस्ट बोटानं मुळावर चोळा, थुंका, पण चूळ भरू नका. फरक पडायला २ ते ४ आठवडे लागतात. लोक चार दिवसांत ट्यूब कोपऱ्यात टाकतात आणि पेस्टला नावं ठेवतात! नाहीच थांबलं तर दवाखान्यात फ्लोराइड व्हार्निश लावतात, मुळाला खाच पडली असेल तर फिलिंग करतात.

लवंग तेल घटकाभर बधिर करतं, पण ताज्या भरलेल्या हिरडीला ते भाजू शकतं. रूट कॅनालचा विचार केव्हा? गार गेल्यावरही ठणका रेंगाळला, रात्री झोपेतून उठवलं किंवा चावताना दुखलं, तर लगेच दाखवा.

रंकाळा_कट्टा
दिवाणजी, मलाही हेच झालेलं. पेस्टनं निम्मं गेलं, उरलेलं व्हार्निशनं. व्हार्निश लावल्यावर दात थोडे पिवळट दिसतात, घाबरू नका, निघून जातं. आमची आजी मिश्री लाव म्हणून मागं लागलेली, त्याचा अजिबात नाद करू नका, मूळ घासून निघतंय. आणि लिंबू पिळून मिसळ हाणली की लगेच ब्रश धरायचा नाही, अर्धा तास थांबायचं.

गुळाचा_दिवाणजी
आभारी आहे दोघांचा. डॉक्टर ताई, एक विचारतो. त्या बाजूला ब्रश लावायचीच धास्ती वाटते. थोडे दिवस डावी बाजू सोडली तर चालेल का? आणि गूळ उजवीकडनं चाखतो.

हिरडीवाली_डॉक्टर
बाजू सोडली की तिथं थर साचतो, त्यातल्या आम्लानं नळ्या उघड्याच राहतात आणि ज्यासाठी सर्जरी केली ते पुन्हा सुरू होतं. अगदी मऊ ब्रश, कोमट पाणी, हलका हात, पण घासायचंच.

गुळाचं मात्र मला कळेपेक्षा जास्त टेन्शन आहे. उघड्या मुळाला कीड वरच्या दातापेक्षा लवकर लागते आणि तुमच्या तोंडात सौदे संपेपर्यंत गूळ फिरत असतो. बाजू कुठलीही असो, प्रत्येक रव्यानंतर चाखलेलं थुंकून कोमट पाण्याची चूळ भरा. तुमच्या डॉक्टरांना धंदा काय आहे ते सांगा, जास्त फ्लोराइडची पेस्ट द्यायची का ते ठरवतील. शुगर तपासली नसेल तर तीही तपासा, ती वाढलेली असली की हिरड्या लवकर बिघडतात.