डिसॅबिलिटी पेन्शनचे पहिले अपील फेटाळले. पुढे काय करावे?

प्रश्न (गुहागर)
माझे वडील 2019 मध्ये पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. भरतीच्या वेळी त्यांना कोणताही आजार नव्हता. निवृत्तीच्या वेळी वैद्यकीय मंडळाने उच्च रक्तदाबामुळे 30 टक्के अपंगत्व नोंदवले, परंतु हा आजार सेवेमुळे झालेला नाही आणि वाढलेलाही नाही, असा शेरा मारला. आता पहिले अपीलही फेटाळले गेले आहे. रत्नागिरीच्या डॉक्टरांचा नवा दाखला घेऊन न्यायालयात जावे का? खूप उशीर झाला, असे गावातले काही जण म्हणतात.

उत्तर (चिपळूण, माजी सैनिक)
ताई, नव्या दाखल्यामागे धावू नका. सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या (सैनिकांच्या सेवा व पेन्शनचे दावे ऐकणाऱ्या न्यायपीठाच्या) मुंबई खंडपीठापुढे मुख्य प्रश्न असेल तो मंडळाने आपल्या मताची कारणे दिली होती का, हा. सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंह प्रकरणात (2013) स्पष्ट केले आहे की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळेच झाला असे गृहीत धरायचे, आणि तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार जवानावर नव्हे, तर सरकारवर असतो. म्हणून मंडळाच्या कार्यवाहीची आणि भरतीच्या वैद्यकीय तपासणीची प्रत रेकॉर्ड ऑफिसकडून (सैनिकांच्या सेवा-नोंदी ठेवणारे लष्करी कार्यालय), गरज पडल्यास माहिती अधिकारात, आधी मिळवा. रक्तदाबाला ‘जीवनशैलीचा आजार’ म्हणून एवढ्या दोन शब्दांवर कोणाचीही पेन्शन अडवणे मला अन्यायाचे वाटते. दुसरे अपील सहा महिन्यांच्या आत करा; त्यावर सहा महिन्यांत निर्णय आला नाही, तरी न्यायाधिकरणाचा मार्ग मोकळा होतो.

उत्तर (कुडाळ, वकील)
उशिराबद्दल सांगते. पेन्शन दरमहा नाकारली जात असल्याने दावा सहसा केवळ विलंबामुळे बुडत नाही. मात्र तरसेम सिंह निकालानुसार (2008) थकबाकी सर्वसाधारणपणे अर्ज दाखल करण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते, म्हणजे यापुढचा प्रत्येक महिना तुमच्या पदरचा जातो. दावा मान्य झाल्यास राम अवतार निकालाच्या (2014) आधारे अपंगत्व 30 टक्क्यांऐवजी 50 टक्के धरण्याची मागणीही त्याच अर्जात करा.

प्रश्नकर्ती
मनःपूर्वक आभार. 2023 मध्ये नियम बदलले, असे ऐकले. ते वडिलांना लागू होतील का?

उत्तर (कुडाळ, वकील)
ते नियम 21 सप्टेंबर 2023 पासूनचे आहेत. वडील 2019 मध्ये निवृत्त झाल्याने त्या वेळचे नियम लागू असल्याचे अर्जात ठळकपणे मांडा. कागदपत्रे जमवताना अडचण आल्यास रत्नागिरीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घ्या.