पोलीस ठाण्याला आयएसओ मिळालं म्हणजे नेमकं काय मिळालं? (नाशिक)

पाथर्डीफाटा_ताई

नमस्कार मंडळी. आमच्या भागातलं पोलीस ठाणं आयएसओ मानांकनाची तयारी करतंय. रंगकाम झालं, दारात कुंड्या आल्या, महिलांना बसायला वेगळी खोली केली. हे सगळं चांगलंच आहे. शांतता समितीच्या ग्रुपवर निरोप आला की सोसायट्यांच्या सेक्रेटरींनी अभिप्रायाचा फॉर्म भरून द्यावा. आमच्या सोसायटीची सेक्रेटरी मीच, त्यामुळे फॉर्म माझ्याकडे आलाय. परिसर स्वच्छ आहे का, पिण्याच्या पाण्याची सोय आहे का, कर्मचारी सौजन्यानं बोलतात का, असे प्रश्न आहेत.

मागे आमच्या शेजारणीची ॲक्टिव्हा चोरीला गेली होती. ज्या ठाण्यात ती गेली (हे ते नाही, आणि नावही नको) तिथे तिला पाणी दिलं, खुर्ची दिली, सौजन्यानं बोलले. पण गुन्हा नोंदवला नाही. साधा अर्ज घेतला आणि "दोन-चार दिवस बघा, सापडेल" म्हणून परत पाठवलं. तिकडे इन्शुरन्सवाले एफआयआरशिवाय फाईलच उघडेनात. म्हणजे या फॉर्मप्रमाणे त्या ठाण्याला पैकीच्या पैकी मार्क पडले असते!

भाचा म्हणतो, अमेरिकेत पोलीस खात्यांना वेगळी व्यावसायिक मान्यता असते. आपल्याकडे तसं काही आहे का? आणि या फॉर्मवर मी काय लिहावं? शुक्रवारी परत द्यायचाय.

---

अंबडचा_ऑडिटर

ताई, फॉर्म कोरा ठेवू नका. माझी नोकरी ऑडिटची आहे. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत आयएसओ ९००१ ची (गुणवत्ता व्यवस्थापनाचं मानक, ठाण्यांना मिळतं ते सहसा हेच) अंतर्गत ऑडिट्स करतो आणि बाहेरच्या ऑडिटरसमोर बसतोही. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, आयएसओ ही संस्था स्वतः कुणालाच सर्टिफिकेट देत नाही. ती फक्त मानक लिहिते. सर्टिफिकेट देतात त्या वेगळ्या कंपन्या, आणि त्यांची फी भरतो तो ज्याचं ऑडिट व्हायचं तोच. त्या कंपन्यांना मान्यता देणारं मंडळ आपल्याकडे एनएबीसीबी, भारतीय गुणवत्ता परिषदेखालचं. म्हणून ठाण्यात सर्टिफिकेट लागलं की आधी त्यावर त्या मान्यतेची खूण आहे का ते बघा. बाजारात मान्यता नसलेल्या कंपन्यांची सर्टिफिकेटंही मिळतात, भिंतीवर दोन्ही सारखीच दिसतात. मुदत साधारण तीन वर्षांची असते आणि मधे दर वर्षी देखरेख ऑडिट व्हायला हवं.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. ९००१ हे बिस्किटाच्या कारखान्यालाही लागतं आणि शाळेलाही. "तुमची पद्धत लिहून ठेवा, तिच्याप्रमाणे वागा, नोंदी ठेवा, चूक झाली तर कारण शोधून दुरुस्त करा" एवढंच ते सांगतं. गुन्हा किती वेळात नोंदवायचा, कोठडीत माणसाला कसं ठेवायचं, मुद्देमालाचं काय करायचं, यातलं एक अक्षर त्यात नाही. ठाण्यानं आपल्या गुणवत्ता उद्दिष्टांत "परिसर स्वच्छता" लिहिली तर ऑडिटर स्वच्छताच तपासणार.

हॉस्पिटलला एनएबीएच आणि लॅबला एनएबीएल ही मान्यता असते, ते प्रकरण वेगळं. तिथे कामाचीच परीक्षा होते. एनएबीएलमध्ये एकच नमुना अनेक लॅबना पाठवतात आणि कुणाचं उत्तर किती चुकलं ते बघतात. भाचा म्हणतो ती अमेरिकेतली सोय या जातकुळीची. कालिया (CALEA) नावाची संस्था आहे, १९७९ मध्ये पोलिसांच्याच चार मोठ्या संघटनांनी काढलेली. १९८४ मध्ये फ्लोरिडातल्या माउंट डोरा या छोट्या गावाच्या पोलिसांना त्यांची पहिली मान्यता मिळाली. मानकं फक्त पोलिसांच्या कामाची: बळाचा वापर, पाठलाग, मुद्देमालाची खोली, तक्रारींची चौकशी. तपासायला दुसऱ्या गावचे अनुभवी पोलीस येतात आणि नागरिकांचं म्हणणंही मागवतात. चक्र चार वर्षांचं. पण तीही ऐच्छिक आहे, फी तिथेही खातंच भरतं, आणि "नियम लिहिलाय का हे कळतं, रात्री दोन वाजता पाळला जातो का हे कळत नाही" ही टीका तिच्यावरही होते. हे सगळं सांगतोय कारण अमेरिकेचा शिक्का आणला की आपलं काम झालं, असं मला अजिबात वाटत नाही.

आपल्याकडे केंद्रीय गृह मंत्रालय दर वर्षी देशातल्या उत्कृष्ट ठाण्यांची यादी काढतं. चोऱ्या, महिलांवरचे आणि दुर्बल घटकांवरचे गुन्हे, बेपत्ता माणसं, बेवारस मृतदेह यांत ठाण्यानं काय केलं ते आकड्यांवरून बघतात, इमारत आणि नागरिकांच्या अभिप्रायालाही थोडे गुण असतात. पण जो गुन्हा नोंदलाच नाही तो आकड्यात येणार कुठून? तुमच्या शेजारणीची ॲक्टिव्हा अर्जातच राहिली, तर त्या ठाण्याची एक चोरी कमी झाली ना!

यावर खरा उपाय राजस्थानात करून बघितलाय. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि तिथल्याच आयपीएस अधिकारी नीना सिंह यांचा प्रयोग. माणसं साध्या नागरिकासारखी ठाण्यात जाऊन तक्रार द्यायची आणि गुन्हा नोंदवला जातो का बघायची. अशी माणसं येतात हे कळल्यावर ठाण्यांचं वागणं सुधारलं. मी ऑडिटर म्हणून सांगतो, शंभर पानांच्या मॅन्युअलपेक्षा अशी एक फेरी जास्त सांगून जाते. नाशिकला पोलीस अकादमी आहे, त्र्यंबक रोडला पुढचे फौजदार घडतात. कायदा, व्यवस्थापन शिकवणारी कॉलेजं आहेत. असा प्रयोग करायला माणसं याच शहरात मिळतील.

---

निवृत्त_हवालदार

वरच्या साहेबांचं बरंचसं पटलं. मी ठाणे अंमलदार म्हणून टेबलावर बसलेला माणूस, तेव्हा माझ्या बाजूचंही ऐकून घ्या.

आमच्याकडे दर वर्षी दफ्तर तपासणी होतेच. वरिष्ठ येतात, स्टेशन डायरी, मुद्देमाल रजिस्टर, प्रलंबित अर्ज सगळं बघतात. आयएसओ आलं तेव्हा एक फायदा मात्र झाला, खोटं बोलणार नाही. मुद्देमालाची खोली पहिल्यांदा नीट लागली. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी, प्रत्येक रॅकला नंबर. आधी कोर्टानं एखादा चाकू मागितला की कारकून दिवसभर पोत्यांत शोधायचा. चुकीचा माल कोर्टात गेला तर आरोपी सुटतो, म्हणून ही गोष्ट लहान समजू नका.

पण घडी बसवणारे पीआय साहेब बदलून गेले आणि सहा महिन्यांत रॅकवर पुन्हा पोती. सुप्रीम कोर्टानं २००६ मध्ये प्रकाश सिंह प्रकरणात सांगितलंय की ठाण्याच्या प्रमुखाला किमान दोन वर्षं द्या. मानांकनात पहिली अट हीच घाला. दुसरी अट माणसांची. गणपती, नवरात्र, मंत्र्यांचा दौरा, आणि आता २०२७ चा कुंभ. बंदोबस्ताला निम्मं ठाणं बाहेर गेलं की राहिलेल्या पोरांनी तक्रारी घ्यायच्या की तपास करायचा? २००३ च्या कुंभात चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. ती गर्दी ज्यांनी पाहिली ते बंदोबस्ताला कमी लेखणार नाहीत. म्हणून म्हणतो, ठाण्याला गुण देताना एका अंमलदाराकडे किती तपास आहेत आणि त्याला साप्ताहिक सुट्टी मिळते का, हेही मोजा. सलग सोळा तास उभ्या माणसाकडून सौजन्य मागणं अन्याय आहे.

ताई, ॲक्टिव्हाचं मात्र चुकलंच. वाहनचोरी दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी थेट गुन्हा नोंदवून तपास करायचा. तिथे अर्ज घेऊन माणूस परत पाठवायचा नसतो.

---

कोर्टातली_वकील

हवालदार काकांच्या शेवटच्या वाक्याला कायद्याचा आधार जोडते, कारण फॉर्मवर लिहायला तोच उपयोगी पडेल. दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगून झालंय. जुन्या सीआरपीसीच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, माहिती घ्यायलाच हवी. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट. नकार दिला तर पोस्टानं वरिष्ठांकडे, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. तपास कुठवर आला हे फिर्यादीला ९० दिवसांत कळवायचं, तेही कलम १९३ मध्ये आहे.

आणि कॅमेरे. २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंह सैनी निकालानं प्रत्येक ठाण्यात दारं, कोठड्या, व्हरांडे, अधिकाऱ्यांच्या खोल्या इथे सीसीटीव्ही लावायला सांगितलेत. चित्रण अठरा महिने ठेवायचं; तशी यंत्रणा मिळत नसेल तरी एक वर्षापेक्षा कमी नाही. कोठडीत मार खाल्लेल्या अशिलासाठी चित्रण मागितलं की "कॅमेरा तेव्हा बंद होता" हे उत्तर मी ऐकलेलं आहे, आणि ते ऐकताना समोर बसलेल्या त्याच्या आईकडे बघवत नाही. ठाण्याला कुठलंही मानांकन द्यायचं तर आधी मागच्या वर्षातला कुठलाही एक दिवस निवडून त्याचं चित्रण दाखवायला सांगा.

---

पाथर्डीफाटा_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. फॉर्मच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहायला घेतलंय: गेल्या वर्षात किती अर्ज आले आणि त्यातले किती गुन्हे म्हणून नोंदले? एफआयआरची प्रत त्याच दिवशी मिळते का? एका अंमलदाराकडे किती तपास आहेत? मागच्या वर्षातल्या एका दिवसाचं सीसीटीव्ही चित्रण ऑडिटरनं पाहिलं का? काकांची साप्ताहिक सुट्टीही घातली. पण अंबडचे दादा, हे पान ऑडिटरपर्यंत पोचेल का? की ठाण्यातच बाजूला काढतील?

---

अंबडचा_ऑडिटर

ताई, दोन प्रती करा. मूळ फॉर्म ठाण्यात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीचं नाव विचारून घ्या आणि तीच प्रत त्यांना ईमेल करा. सर्टिफिकेट घेतलेल्या संस्थेबद्दल तक्रार आली तर तिची दखल घेणं कंपनीच्या मान्यतेच्या अटींतच असतं. शेजारणीचा जुना अर्ज अजून असेल तर त्याची झेरॉक्सही जवळ ठेवा, ते ठाणं कधी मानांकनाला बसलं तर लागेल.